स्टिरॉइड चालू असताना दिवसा पेंग का येते आणि त्यावर काय करायचं

स्टिरॉइडने रात्रीची झोप उडते हे पुष्कळांना ठाऊक असतं. त्याच गोळ्या चालू असताना दुपारी बसल्या जागी मान पडते, वाचताना ओळी हलतात, संध्याकाळी अंगातला जीव गेल्यासारखं होतं, ही तक्रार मात्र कोणी फारशी मनावर घेत नाही. ‘गोळी तर तरतरी आणणारी आहे, आजारामुळे वाटत असेल’ असं म्हणून विषय संपतो. रुग्ण मग आपल्याच मनाने गोळी अर्धी करतो, बंद करतो किंवा रात्रीवर ढकलतो. या तिन्ही गोष्टी घातक ठरू शकतात.

प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, डेफ्लाझाकॉर्ट, हायड्रोकॉर्टिसोन या गोळ्या थेट झोप आणत नाहीत. पेंग येते ती या औषधाने शरीरात घडवलेल्या दुसऱ्या कशामुळे तरी: रात्रीची मोडलेली झोप, चढलेली साखर, उतरता डोस, सुस्त पडलेली अ‍ॅड्रिनल ग्रंथी, वाढलेलं वजन. यातल्या बहुतेक कारणांची दिवसातली वेळ ठरलेली असते. त्यामुळे पेंग कधी येते हे नीट टिपलं तर कारण बहुधा हाती लागतं. (व्यायामशाळेत स्नायू वाढवायला घेतली जाणारी अ‍ॅनाबोलिक स्टिरॉइड ही वेगळी औषधं आहेत. इथे त्यांचा संबंध नाही.)

शरीराचं घड्याळ आणि गोळीचं घड्याळ

मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल तयार करतात. त्याची पातळी मध्यरात्रीच्या सुमाराला सर्वांत कमी असते, पहाटे दोन-तीननंतर चढू लागते आणि जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिगेला पोहोचते. दिवसभर ती हळूहळू उतरते, आणि संध्याकाळी ती खाली आली की झोपेला वाट मिळते.

स्टिरॉइडची गोळी म्हणजे बाहेरून दिलेलं, आणि बहुतेक वेळा कितीतरी जास्त दिलेलं कॉर्टिसॉल. पोटातून घेतलेलं प्रेडनिसोलोन एक-दोन तासांत रक्तात सर्वाधिक होतं आणि काही तासांत रक्तातून बरंचसं निघूनही जातं. पेशींवरचा त्याचा परिणाम मात्र १२ ते ३६ तास टिकतो. हायड्रोकॉर्टिसोनचा ८ ते १२ तास, तर डेक्सामेथासोनचा ३६ तासांहून अधिक. म्हणून डेक्सामेथासोन सकाळी घेतलं तरी रात्र मोडू शकते. प्रेडनिसोलोनच्या बाबतीत मात्र सकाळ की संध्याकाळ याने खूप फरक पडतो.

डोसची तुलना मिलिग्रॅमवर करू नका. ५ मिग्रॅ प्रेडनिसोलोन म्हणजे साधारण ४ मिग्रॅ मिथाइलप्रेडनिसोलोन, ६ मिग्रॅ डेफ्लाझाकॉर्ट, २० मिग्रॅ हायड्रोकॉर्टिसोन आणि फक्त ०.७५ मिग्रॅ डेक्सामेथासोन. म्हणजे ४ मिग्रॅ डेक्सामेथासोन हा सत्तावीसेक मिग्रॅ प्रेडनिसोलोनचा डोस झाला. आकडा लहान दिसतो म्हणून डोस लहान नसतो.

झोप आणि मन यांवरचा परिणाम डोसबरोबर वाढतो. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या बॉस्टनमधल्या एका मोठ्या पाहणीत, दिवसाला ४० मिग्रॅपर्यंत प्रेडनिसोन (शरीरात याचंच प्रेडनिसोलोन होतं) घेणाऱ्या १.३ टक्के रुग्णांत गंभीर मानसिक लक्षणं दिसली, ४१ ते ८० मिग्रॅ घेणाऱ्यांत ४.६ टक्के आणि ८० मिग्रॅच्या वर १८.४ टक्के. निद्रानाश याहून कितीतरी अधिक जणांना होतो, आणि पुष्कळदा तो मनाच्या बिघाडाची पहिली खूण असतो.

पहिली पायरी: पेंग आहे की थकवा?

डॉक्टरांसमोर दोन्हींना आपण ‘सुस्ती’ म्हणतो, आणि तिथेच गफलत होते. ओळखायची सोपी रीत अशी: दुपारी त्रास सुरू झाला की शांत, अंधाऱ्या खोलीत २० मिनिटं आडवं व्हा. डोळा लागला तर ती पेंग, म्हणजे झोप अपुरी पडते आहे किंवा तिचा दर्जा खराब आहे. अंग जड आहे, उठवत नाही, पण डोळे उघडेच, तर तो थकवा. त्याची मुळं साखर, पोटॅशियम, स्नायू, अ‍ॅड्रिनल ग्रंथी किंवा मूळ आजार यांत शोधायची.

पेंगेचं माप हवं असेल तर एपवर्थ मापनपट्टी वापरा. वाचत बसणं, टीव्ही पाहणं, जेवणानंतर शांत बसणं, गाडीत प्रवासी म्हणून तासभर बसणं अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता ० ते ३ अशा गुणांत मांडायची. एकूण २४ पैकी १० च्या वर गुण आले तर पेंग नेहमीपेक्षा जास्त आहे. महिन्याने पुन्हा गुण मांडले की उपाय लागू पडतोय का, हे अंदाजावर सोडावं लागत नाही.

दुसरी पायरी: सात दिवसांची नोंद

एक कागद घ्या. रोजच्या ओळीत एवढंच लिहा: स्टिरॉइड कोणतं, किती, किती वाजता, अंथरुणाला पाठ टेकली ती वेळ, अंदाजे किती वाजता डोळा लागला, रात्री किती वेळा उठलात आणि कशासाठी (लघवी, छातीत जळजळ, घाम, स्वप्न, की उगाच), सकाळी उठल्याची वेळ, पेंग किंवा गळाठा आला ती वेळ, शेवटचा चहा किंवा कॉफी कधी, आणि ग्लुकोमीटर असेल तर साखरेचे आकडे.

नमुन्याची ओळ अशी दिसेल:

‘प्रेडनिसोलोन ४० मिग्रॅ, सकाळी १०.३०. आडवे ११ ला, डोळा लागला १.३० च्या सुमारास. लघवीला ३ वेळा. उठलो ६.३०. पेंग दुपारी ३ ते ५. साखर: सकाळी उपाशी ९८, दुपारी ४ वाजता २७०.’

या एका ओळीत तीन गोष्टी बोलतात. गोळी सकाळी सात ते नऊ या योग्य वेळेपेक्षा किमान दीड तास उशिरा घेतली जातेय. रात्रीची झोप जेमतेम पाच तासांची, तीही तीनदा मोडलेली. आणि दुपारची साखर हाताबाहेर आहे, जी सकाळच्या उपाशीपोटीच्या तपासणीत दिसलीच नसती. ‘डॉक्टर, फार झोप येते’ यापेक्षा ही ओळ शंभरपट कामाची.

नोंद किमान सात दिवसांची हवी. डोस बदलला त्या दिवसावर ठळक खूण करा. आठवड्यातून एकदाच किंवा एकाआड एक दिवस स्टिरॉइड असेल तर दोन आठवडे लिहा.

तिसरी पायरी: वेळेवरून कारण ओळखणं

*सकाळी उठल्यापासूनच डोकं जड.* रात्री सात-आठ तास अंथरुणात घालवूनही ताजंतवानं वाटत नसेल तर घोरण्याकडे आणि श्वासाकडे पाहा. काही आठवडे-महिने स्टिरॉइड चाललं की भूक वाढते आणि मानेभोवती, चेहऱ्यावर, पोटावर चरबी साठते. घशातली वाट अरुंद होते आणि झोपेत श्वास अडू लागतो. जोरात घोरणं, मध्येच शांतता आणि मग धाप लागल्यासारखा श्वास, सकाळी डोकेदुखी, कोरडं तोंड ही लक्षणं. घरातल्या माणसाला विचारा, कारण झोपलेल्याला हे कळत नाही. उपाय झोपेची तपासणी करून घेणं हा आहे, झोपेची गोळी हा नव्हे. अशा माणसाला झोपेची गोळी श्वास आणखी अडवू शकते. सकाळच्या जडपणाचं दुसरं साधं कारण म्हणजे रात्री घेतलेल्या अ‍ॅलर्जीच्या किंवा झोपेच्या गोळीचा उरलेला अंमल.

*दुपारी दोन ते सहा.* इथे पहिला संशय साखरेवर घ्या. सकाळी घेतलेलं प्रेडनिसोलोन यकृताला जास्त साखर सोडायला लावतं आणि इन्सुलिनचं काम अडवतं. परिणाम दुपारच्या जेवणानंतर चढतो, संध्याकाळपर्यंत टिकतो आणि रात्रीतून ओसरतो. म्हणून उपाशीपोटी केलेली तपासणी साफ चुकवते. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी साखर मोजा. आकडा वारंवार २०० मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या वर जात असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, मधुमेह आधी असो वा नसो. चढलेली साखर लघवी वाढवते, ती रात्री उठवते, आणि दुसऱ्या दिवशीची पेंग आणखी वाढते. जेवणात पीठ-साखरेचा भाग कमी आणि प्रथिनं व भाज्या जास्त ठेवून जेवणानंतर १५ मिनिटं चालणं याने फरक पडतो, पण २५०-३०० चे आकडे केवळ चालून आटोक्यात येणार नाहीत.

उलटाही धोका आहे, आणि तो सहसा सांगितला जात नाही. मधुमेहाची औषधं स्टिरॉइडमुळे वाढवली असतील आणि स्टिरॉइड कमी झालं तरी ती तेवढीच राहिली, तर साखर घसरते, विशेषतः रात्री आणि पहाटे. घाम, थरथर, गुंगी, गोंधळ यांत ती दिसते. ७० च्या खाली आकडा आला की १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. स्टिरॉइडचा डोस उतरेल त्या प्रत्येक वेळी ‘साखरेची गोळी किंवा इन्सुलिन किती कमी करू?’ हा प्रश्न विचारायलाच हवा.

*संध्याकाळी किंवा ठरावीक दिवशी कोसळणं.* एकाआड एक दिवस गोळी असेल तर रिकाम्या दिवशी अंग गळणं स्वाभाविक आहे. मायलोमासारख्या (अस्थिमज्जेचा एक कर्करोग) आजारात आठवड्यातून एकदा २० किंवा ४० मिग्रॅ डेक्सामेथासोन देतात. त्या दिवशी आणि त्या रात्री माणूस टक्क जागा, बोलका, कधी चिडका असतो, आणि एक-दोन दिवसांनी एकदम ढेपाळतो. केमोथेरपीत उलटी थांबवायला दिलेल्या डेक्सामेथासोननंतरही असाच उतार जाणवतो. हे चक्र नोंदीत दिसलं की कामाची आखणी त्याभोवती करता येते: महत्त्वाचं काम, लांबचा प्रवास, निर्णय उताराच्या दिवशी ठेवायचे नाहीत. गळाठा फार असेल तर डोस विभागून किंवा कमी करून देता येईल का, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलावं.

*दिवसभर, वेळेचा काही धरबंध नाही.* इथे तीन गोष्टी तपासा. पहिली, स्नायू. हात छातीवर दुमडून खुर्चीतून उठून पाहा, पाच वेळा. मांड्यांनी साथ दिली नाही, जिना चढताना कठडा धरावा लागतो, केस विंचरताना हात गळून येतात, तर हा स्टिरॉइडने आलेला स्नायूंचा अशक्तपणा असू शकतो. तो दुखत नाही, म्हणून तो थकवा समजला जातो. दुसरी, पोटॅशियम. सोबत लघवीची गोळी किंवा दम्याची साल्ब्युटामॉलसारखी औषधं असतील तर ते घसरतं. साध्या रक्ततपासणीत कळतं. तिसरी, मन. कशातच रस नाही, रडू येतं, सतत पडून राहावंसं वाटतं, ही उदासीनताही याच औषधाने येते आणि ती लपवण्यासारखी गोष्ट नाही. अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा विषय मोठा आहे, तो पुढे येतो.

चौथी पायरी: गोळीची वेळ

सगळ्या उपायांत हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी. डॉक्टरांनी वेगळं सांगितलेलं नसेल तर दिवसातून एकदाची गोळी सकाळी सात ते नऊच्या दरम्यान, काहीतरी खाऊन घ्यावी. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल तेव्हाच शिगेला असतं, त्यामुळे गोळी त्याच्या लयीत बसते.

रात्रीची गोळी दोन बाजूंनी नुकसान करते. झोप उडवते ती आहेच. शिवाय पहाटे चढू पाहणारं शरीराचं कॉर्टिसॉल ती दाबून टाकते. किती थोड्या औषधाने हे होतं पाहा: निरोगी माणसाने रात्री ११ वाजता फक्त १ मिग्रॅ डेक्सामेथासोन घेतलं की दुसऱ्या सकाळचं कॉर्टिसॉल जवळजवळ नाहीसं होतं. याच गुणावर कुशिंग आजाराची (शरीरात कॉर्टिसॉल फार वाढण्याचा आजार) एक तपासणी बेतलेली आहे.

दिवसातून दोन डोस लिहिले असतील तर ‘सकाळ-संध्याकाळ’ म्हणजे सकाळ-रात्र असं समजू नका. दुसरा डोस दुपारी दोनच्या आत चालेल का, ते विचारा. बहुतेक आजारांत चालतो. मेंदूला आलेली सूज उतरवण्यासाठी डेक्सामेथासोन चालू असतानाही अनेकदा सकाळ आणि दुपार अशी विभागणी करता येते, पण तिथे वेळ स्वतःहून हलवायची नाही. रात्रीची गोळी सकाळवर आणायची असेल तर कोणत्या दिवशी, कोणता डोस वगळून, हे लिहून घ्या. नाहीतर काही तासांत दुप्पट औषध पोटात जातं किंवा एक दिवस कोरडा जातो.

एक अपवाद लक्षात ठेवा. संधिवातातल्या सकाळच्या ताठरपणासाठी उशिरा विरघळणारी प्रेडनिसोनची एक खास गोळी असते. ती रात्री दहाच्या सुमाराला घेतात आणि औषध चारेक तासांनी सुटतं. ती सकाळी घेतली तर तिचा हेतूच हुकतो.

अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या कायमच्या कमतरतेसाठी हायड्रोकॉर्टिसोन घेणाऱ्यांचं गणित वेगळं असतं. दिवसाला १५ ते २५ मिग्रॅ, दोन-तीन भागांत. सर्वांत मोठा भाग डोळे उघडताच, अंथरुणातच. गोळी आणि पाणी उशाशी ठेवा. तो डोस दोन तास लांबला की सकाळ धुक्यात जाते. दुपारी रोज ठरल्या वेळी पेंग येत असेल तर मधला डोस थोडा अलीकडे घेऊन पाहायची परवानगी डॉक्टरांकडे मागा. शेवटचा डोस मात्र झोपण्याआधी किमान चार ते सहा तास.

पाचवी पायरी: रात्र वाचवणं, दिवस सावरणं

चहा-कॉफी दुपारी बारानंतर बंद. कॅफिन निम्मं उतरायला पाचेक तास लागतात, आणि स्टिरॉइडवर असलेल्या माणसाचा मेंदू आधीच जागा असतो. दुपारच्या पेंगेवर संध्याकाळी कडक कॉफी हा उपाय पुढच्या रात्रीची झोप खातो.

उठण्याची वेळ एकच ठेवा, रात्र कशीही गेली तरी. उठल्यावर तासाभरात अर्धा तास उजेडात काढा. दुपारची डुलकी घ्यायची तर २० मिनिटांची, तीनच्या आत, गजर लावून. रात्री पाणी पिणं संध्याकाळी सातनंतर आटोपतं घ्या, लघवीची गोळी असेल तर ती सकाळी. छातीत जळजळ होत असेल तर झोपण्याच्या तीन तास आधी जेवण उरका आणि सांगा, त्यावर औषध आहे. अंथरुणात अर्ध्या तासात डोळा लागला नाही तर उठून मंद उजेडात बसा, पेंग आली की परत या.

पाच-सात दिवसांचा छोटा कोर्स असेल तर याहून जास्त काही लागत नाही. गोळ्या संपल्यावर काही दिवसांत झोप जागेवर येते. महिनोन्‌महिने चालणाऱ्या उपचारात झोपेची गोळी घेण्याआधी वेळ, साखर आणि श्वास या तिन्ही गोष्टी तपासून झाल्या आहेत ना, ते पाहा. औषधाच्या दुकानातून अ‍ॅलर्जीची झोप आणणारी गोळी आणून रोज घेणं टाळा. विशेषतः वयस्कर माणसांत तिने दिवसाची गुंगी, गोंधळ आणि पडणं वाढतं.

ज्या दिवशी पेंग आहे त्या दिवशी गाडी चालवू नका. खिडकी उघडल्याने किंवा गाणी लावल्याने झोप जात नाही. डोस सुरू झाल्याचे आणि बदलल्याचे पहिले काही दिवस यासाठी अधिक जपायचे.

सहावी पायरी: डोस उतरताना

तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ स्टिरॉइड घेतलं की मेंदूकडून अ‍ॅड्रिनल ग्रंथीला जाणारा आदेश थंडावतो आणि ग्रंथी सुस्तावते. वर्षातून अनेकदा घेतलेले छोटे कोर्स मिळूनही हे होऊ शकतं. शरीर रोज जेवढं कॉर्टिसॉल बनवतं ते प्रेडनिसोलोनच्या मापात साधारण ४ ते ६ मिग्रॅ भरतं. म्हणून ४० वरून २० वर येताना जे जाणवत नाही, ते ७.५ वरून ५ वर येताना जाणवतं. खालच्या टप्प्यावर घाई चालत नाही. २० च्या खाली साधारण २.५ मिग्रॅच्या आणि १० च्या खाली १ मिग्रॅच्या पावलांनी, प्रत्येक पाऊल एक ते चार आठवड्यांचं, असा उतार सामान्यतः दिला जातो. तुमच्या आजारानुसार तो वेगळा असू शकतो.

उतरताना येणारा गळाठा तीन प्रकारचा असतो. मूळ आजार डोकं वर काढतोय, तर त्याची जुनी लक्षणं परत येतात: तीच धाप, तेच सांधे. शरीर जास्त डोसला सरावलेलं होतं, तर अंगदुखी, मरगळ, चिडचिड होते आणि दोन-तीन आठवड्यांत निवळते. तिसरा प्रकार अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या कमतरतेचा: थकव्याबरोबर मळमळ, भूक मरणं, वजन घटणं, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी. शंका आली तर सकाळी आठ-नऊ वाजता कॉर्टिसॉल तपासतात. त्याआधी प्रेडनिसोलोन किमान २४ तास घेतलेलं नसावं, म्हणजे रक्त देऊन मग त्या दिवशीची गोळी. आकडा १० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर ग्रंथी सावरली असं धरतात, ५ च्या खाली असेल तर ती अजून दबलेली आहे, आणि मधल्या आकड्यावर काही आठवडे-महिन्यांनी पुन्हा तपासतात. डेक्सामेथासोनवर असताना ही तपासणी कामाची नाही.

इनहेलर, इंजेक्शन आणि सोबतची औषधं

नेहमीच्या डोसमधल्या इनहेलरने झोपेवर फारसा परिणाम होत नाही. दम्याच्या रुग्णाची रात्र बिघडली तर आधी खोकला, मग साल्ब्युटामॉलने होणारी धडधड, आणि वाईट स्वप्नं पडत असतील तर मॉन्टेलुकास्ट ही दम्याची गोळी चालू आहे का, हे तपासा. सांध्यात दिलेल्या स्टिरॉइड इंजेक्शननंतर एक-दोन रात्री झोप न येणं, चेहरा लाल होणं, साखर चढणं हे घडतं आणि आपोआप ओसरतं.

क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनाझोल, केटोकोनाझोल, रिटोनाविर ही औषधं स्टिरॉइड शरीरात साठवतात, म्हणजे तोच डोस जास्त जोराने काम करतो. रिटोनाविरबरोबर फ्लुटिकासोनचा इनहेलर किंवा नाकातला फवाराही अ‍ॅड्रिनल ग्रंथी दाबू शकतो. रिफाम्पिसिन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन उलट करतात: स्टिरॉइड लवकर संपवतात, आणि नियमित गोळ्या घेऊनही कमतरतेची लक्षणं दिसतात. नवीन औषध सुरू झालं त्या तारखेनंतर तरतरी बदलली असेल तर ते औषध घेऊन डॉक्टरांकडे जा.

कोणत्या वेळी वाट पाहत बसायचं नाही

स्टिरॉइड घेणारा किंवा गेल्या वर्षभरात ते बंद केलेला माणूस उलट्या, जुलाब, ताप किंवा अपघातानंतर झोपाळल्यासारखा, थंडगार, गोंधळलेला दिसला, उठवून नीट जागा होत नसेल, तर ती साधी झोप समजू नका. हा अ‍ॅड्रिनल संकटाचा, म्हणजे शरीराला कॉर्टिसॉल एकदम अपुरं पडण्याचा, प्रकार असू शकतो. रक्तदाब कोसळतो आणि वेळ थोडा असतो. मोठ्या माणसाला १०० मिग्रॅ हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आणि सलाइन लागतं. रुग्णालयात पोहोचताच पहिलं वाक्य ‘हे स्टिरॉइडवर आहेत’ असंच हवं. गोळी उलटून पडत असेल तर पुन्हा पुन्हा देत बसू नका, इंजेक्शनसाठी निघा.

साखर ३०० च्या वर आणि सोबत खूप तहान, उलटी, ग्लानी असेल तर त्याच दिवशी रुग्णालय. सलग दोन-तीन रात्री झोपच नाही आणि तरी थकवा नाही, बोलणं सुसाट, संशय, भास किंवा जीव देण्याचे विचार, तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि तोवर माणसाला एकटं सोडायचं नाही. अशा वेळीही गोळी घरच्या घरी बंद करायची नसते.

दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्याने खिशात एक चिठ्ठी ठेवावी: औषधाचं नाव, डोस, कधीपासून, आजार, आणि आजारपणात डोस किती वाढवायचा याबद्दल डॉक्टरांनी दिलेली सूचना. डोस बदलला की चिठ्ठी त्याच दिवशी नवी लिहा.